मी मुका केलेला लॅपटॉप

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, की गमतीशीर गिऱ्हाइकांचे किस्से लिहा, दिवाळीत लोकांना ते आवडतात. पंचवीस वर्षं भिंगारच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करत बसलेल्या माणसाकडे किस्से पोतंभर असतात. मी लगेच होकार दिला आणि लिहायला बसलो. चार पानं झाली, चारही हसरी. पाचव्या पानावर एक नाव यायला हवं होतं, ते मी तीनदा टाळून पुढे गेलो. मग ती पानं बाजूला ठेवली. त्यातला एकच किस्सा इथे ठेवला आहे, कारण त्याच्याशिवाय मी असा का वागलो ते कळणार नाही. बाकी जे लिहितो आहे ते मी घरीसुद्धा बोललेलो नाही. ज्यांच्याविषयी आहे त्यांना विचारलं आहे. नाव बदला, म्हणाल्या, दुसरं काही बदलू नका.

माझा गाळा भांड्यांच्या दुकानाला लागून होता. दिवसभर शेजारून हातोडीची ठकठक. माझी गिऱ्हाइकं म्हणजे लष्कराच्या कचेऱ्यांतले कारकून, निवृत्त फौजी, मास्तर, आणि नगरच्या आसपासच्या गावांतून एसटीने येणारी माणसं. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण मी ज्या काळाबद्दल सांगतो आहे तेव्हा ते नगरच होतं आणि माझ्या तोंडी अजूनही तेच येतं.

दहा-बारा वर्षांपूर्वी छोट्या लॅपटॉपची लाट येऊन ओसरत होती. शाळेच्या पाटीपेक्षा थोडा मोठा, दहा इंची पडदा, सीडी घालायला जागा नाही, ताकद जेमतेम. लोकांनी हौसेनं घेतले आणि दोन-तीन वर्षांत ते इतके संथ झाले, की चालू करून माणूस चहा पिऊन यायचा. अशा मशीनवर मी लिनक्स टाकून द्यायचो. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी वेगळी सिस्टीम. फुकट मिळते आणि अशक्त मशीनलाही झेपते. दुकानाबाहेर मी पाटीच लावली होती, 'जुना लॅपटॉप टाकू नका'. माझ्याकडे विकतच्या सिस्टीमची चोरीची कॉपी मिळणार नाही, असंही खाली लिहिलं होतं. त्या दुसऱ्या ओळीचा मला जरा जास्तच अभिमान होता.

यात खरी मेख असते ती आतल्या सुट्या भागांची. वायफाय, कॅमेरा, आवाज, प्रत्येकाची वेगळी चिप असते आणि सिस्टीमला त्या चिपची भाषा यावी लागते. मध्ये दुभाष्यासारखा एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. दुभाष्या नसला, की भाग धडधाकट असूनही मुका. त्यात हे छोटे लॅपटॉप फसवे. एकाच नावाचे, एकाच रंगाचे, खालच्या पट्टीवर एकच नंबर असलेले दोन लॅपटॉप उघडले, तर आतल्या चिपा वेगवेगळ्या निघायच्या. म्हणून नियम असा, की आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून बघायचं, डिस्कला हात न लावता. वीस मिनिटांचं काम. सगळं चालतं असं दिसलं, की मगच डिस्क पुसायची.

हे मला पक्कं माहीत होतं. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण अज्ञानाची सबब मला वापरायची नाही.

आता तो हसरा किस्सा. भिंगारमध्येच राहणारे एक निवृत्त सुभेदार होते. सरळ ताठ, मिशी रोज कातरलेली. त्यांच्या छोट्या लॅपटॉपवर मी लिनक्स टाकून दिलं. तिसऱ्या दिवशी ते दुकानात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "जोशी, मी उलटा दिसतो." त्यांची मुलगी लग्न होऊन बडोद्याला होती. दर रविवारी तिच्याशी कॅमेऱ्यावर बोलणं व्हायचं. त्या रविवारी तिला वडील डोकं खाली, पाय वर असे दिसले. काकूंनी उपाय म्हणून लॅपटॉप उलटा धरला, तर मुलगी सुभेदारांना उलटी दिसायला लागली. शेवटी दोघांनी आळीपाळीनं उलटं व्हायचं ठरवलं, असं ते अगदी गंभीरपणे सांगत होते.

कारण साधं होतं. त्या मॉडेलमध्ये कॅमेरा कारखान्यातूनच उलटा बसवलेला होता आणि मूळची सिस्टीम चित्र सुलटं करून दाखवायची. लिनक्सला ते ठाऊक नव्हतं. दोन दिवस खपून मी ते बसवलं. सुभेदारांनी ही हकिगत ओळखीच्या प्रत्येक फौजीला सांगितली आणि पुढचं वर्षभर माझ्याकडे रीघ लागली. पुण्या-मुंबईच्या लिनक्सवाल्यांचा ईमेलवर एक गट होता, त्यात मी या कॅमेऱ्याची कृती लिहिली. लोकांनी वाहवा केली. हळूहळू मी त्या गटात प्रश्न विचारणारा राहिलो नाही, उत्तरं देणारा झालो. काळ्या रंगाचं एक छोटं मॉडेल तेव्हा फार खपलं होतं. तसे तीन लॅपटॉप माझ्याकडून बिनतक्रार झाले. मी गटात लिहून टाकलं, की या मॉडेलवर सगळं चालतं, मी स्वतः तपासलं आहे.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सुनंदाताई आल्या.

सोबत त्यांची आई होती. सुनंदाताई नेवाशाच्या अलीकडच्या एका गावच्या. वय अठ्ठावीसच्या आसपास, लहानपणापासून दृष्टी नाही. हातात पांढरी काठी, खांद्याला बॅग. इतिहासात एम.ए. झालेल्या होत्या आणि एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. म्हणजे नेमणूक कायमची नाही, दर वर्षी नव्यानं तास मिळाले तर मिळाले. घरी वहिनी पुस्तकं वाचून दाखवायच्या आणि त्या ऐकत ऐकत टाइप करून घ्यायच्या. मग तासाला जाण्याआधी तेच सगळं लॅपटॉपकडून वाचून घ्यायच्या. त्यांच्या लॅपटॉपवर पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा प्रोग्रॅम होता. त्यांनी तो चालू करून दाखवला. आवाज इतका भरभर, की मला एक शब्द कळेना. त्या मात्र मान हलवत ऐकत होत्या. अडचण एवढीच होती, की मशीन थकलं होतं. वाचता वाचता ते अर्धा शब्द तोंडात ठेवून थांबायचं.

लॅपटॉप काळा, तेच मॉडेल. मी बघितलं आणि मनात काम झाल्यातच जमा केलं.

त्यांना सांगितलं, की लिनक्समध्येही वाचणारा प्रोग्रॅम असतो आणि तो मराठीही बोलतो. हे मी वाचलं होतं, वापरून कधी बघितलं नव्हतं. त्यांनी दोनदा विचारलं.

"आवाज नक्की येईल ना काका? मला बाकी काही नसलं तरी चालतं. पडदा बंद पडला तरी माझं अडत नाही."

"आवाज हा काही प्रश्न नाही, ताई," मी म्हणालो. "याच मॉडेलचे तीन केलेत."

मायलेकी बाजारात जाऊन येतो म्हणाल्या. मी त्यांच्या सगळ्या टिपणांची कॉपी एका पेनड्राइव्हवर करून घेतली. त्या दिवसात मी केलेलं हे एकच शहाणपणाचं काम. मग वीस मिनिटांची चाचणी न करता डिस्क पुसली. अशा लॅपटॉपमध्ये मूळची सिस्टीम परत बसवण्यासाठी डिस्कचा एक लपवलेला भाग राखून ठेवलेला असतो. तोही पुसला. तेवढीच जास्त जागा मिळते, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो.

त्या परत आल्या तेव्हा नवी सिस्टीम मिनिटभराच्या आत सुरू होत होती. मी ते कौतुकानं सांगितलं आणि त्यांच्यासमोरच वाचणारा प्रोग्रॅम लावला. काहीच ऐकू आलं नाही. आवाज वाढवला. दुसरं बटण दाबलं. गाणं लावून बघितलं. इअरफोन खोचून बघितला, तोही मुका. सुनंदाताई काउंटरला हात टेकून वाट बघत उभ्या होत्या.

"थोडं सेटिंग राहिलंय," मी म्हणालो. "आठ दिवस ठेवून जा."

सहामाही परीक्षा तोंडावर होती, प्रश्नपत्रिका काढायची होती. तरी त्या ठेवून गेल्या. जाताना आईनं, नीट सांभाळून ठेवा, एवढंच सांगितलं.

आठ दिवसांत मला जे जे येत होतं ते सगळं करून झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी कळलं, की या लॅपटॉपमध्ये आवाजाची चिप वेगळी आहे आणि लिनक्सला ती ओळखता येत नाही. म्हणजे हा अवघड प्रसंग होता, पण अपूर्व नव्हता. गटात प्रश्न टाकायचा, कुणीतरी उत्तर देतं. मी तो टाकला नाही. आवाज येत नाही हा नवख्या पोरांचा प्रश्न, आणि त्याच गटात तीन आठवड्यांपूर्वी मी सगळं चालतं म्हणून छातीठोक लिहिलेलं. तीन वेळा पत्र लिहिलं आणि तीन वेळा पुसलं. मूळची सिस्टीम परत टाकायची, तर लपवलेला भाग मीच पुसलेला. कुठून तरी कॉपी मिळवून बसवणं शक्य होतं, शहरातले निम्मे दुकानदार ते करत होते. पण दुकानाबाहेर माझी पाटी होती. तत्त्व पाळतो आहे, असं मी स्वतःला समजावलं. तत्त्व माझं होतं आणि लॅपटॉप त्यांचा होता.

सुनंदाताई दर दोन दिवसांनी फोन करायच्या. कधी आवाज चढवला नाही. "झालं का काका? बरं, परवा करते." आठाचे पंधरा दिवस झाले. दोनदा मी नंबर बघून फोन वाजू दिला. मधल्या काळात त्या एकदा येऊनही गेल्या. भाग मागवला आहे, असं मी सांगितलं. कुठलाही भाग मागवलेला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात मायलेकी पुन्हा आल्या. त्या दिवशी मी ठरवून टाकलं होतं, की हे मशीन दुकानातून जायला हवं. ते समोरच्या फळीवर असलं की माझं दुसऱ्या कामात लक्ष लागत नव्हतं. लॅपटॉप काउंटरवर ठेवून चालू केला आणि म्हणालो, "मदरबोर्डवरचा आवाजाचा भाग गेलाय, ताई. जुनं झालं की होतं. तो सुटा मिळत नाही."

त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला.

"आणला तेव्हा बोलत होता."

"असं होतं कधीकधी. योगायोग असतो."

 त्या म्हणाल्या, बंद करून परत चालू करा. मी केलं. त्यांनी कान लॅपटॉपजवळ नेला. शेजारची हातोडी त्याच वेळी थांबलेली होती.

"ऐकलंत? सुरू होताना स्पीकर टक् करतो. भाग गेला असता तर हे टक् कुणी केलं?"

मीही ऐकलं होतं. तीन आठवडे रोज ऐकत होतो. आवाजाच्या चिपला वीज मिळते तेव्हा स्पीकर असा बारीक आवाज करतो. चिप शाबूत आहे, स्पीकर शाबूत आहे, हाच त्याचा अर्थ. चूक माझी आहे हाही.

"तो हार्डडिस्कचा आवाज," मी म्हणालो.

"हार्डडिस्क डाव्या हाताखाली आहे, काका. हा उजवीकडून आला. पुढच्या कडेकडून."

त्यांची आई इतका वेळ भिंतीजवळच्या स्टुलावर बसून होती. ती उठली.

"दादा, तिच्या कानाला चुकत न्हाई. घरात कुनाचं पाऊल वाजलं ते ती ओट्यावरनं सांगती. ती म्हनती तर आसंलच."

मला राग आला. खरं म्हणजे दुसरं काहीतरी आलं होतं, पण ते रागासारखं बाहेर पडलं. मी म्हणालो, "मावशी, पंचवीस वर्षं हे काम करतोय." पंचवीस तेव्हा झालीही नव्हती. "माझ्यावर विश्वास नसेल तर दुसरीकडे दाखवा."

सुनंदाताईंनी लॅपटॉपचं झाकण लावलं, वायर गुंडाळली, सगळं बॅगेत ठेवलं, चेन ओढली. हे सगळं अगदी सावकाश. मी पेनड्राइव्ह हातात दिला, तुमची टिपणं यात सगळी आहेत, म्हणालो. त्यांनी तो मुठीत धरला. ज्या मशीननं ती टिपणं वाचायची तेच मी मुकं करून परत देत होतो. आईनं त्यांच्या कोपराला धरलं आणि दोघी रस्त्याकडेनं रिक्षा थांब्याकडे गेल्या.

त्या गेल्यावर तासाभरानं मला एक साधी गोष्ट सुचली. यूएसबीत खोचायचं बोटाएवढं साउंड कार्ड मिळतं. ते लावलं, की आतली चिप न चालताही आवाज येतो. लिनक्सला ते हमखास ओळखू येतं. शोधायलाही लागणार नव्हतं, माझ्याच काउंटरवर चार-पाच पाकिटं लटकत होती. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. मायलेकी अजून एसटी स्टँडवरच असतील, गाडीला वेळ होता.

मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोन केला असता तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, की हे आधी का नाही लावलं.  उद्या करू, म्हटलं. उद्याही तसाच गेला. असे उद्या साठत गेले, की मग एक दिवस फोन करणं हेच विचित्र होऊन बसतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या कॉलेजातला एक लिपिक प्रिंटर घेऊन आला. गावाचं नाव ऐकलं तसं मी सहज म्हणून विचारलं, तुमच्याकडे सुनंदा मॅडम आहेत ना. तो म्हणाला, होत्या. जूनपासून चांगलं चाललं होतं. सहामाहीच्या तोंडावर त्यांचं वाचणारं मशीन बिघडलं. महिना-दीड महिना त्या नुसत्या आठवणीवर शिकवत होत्या, आणि मुलं सांगायची की तेही उत्तम शिकवायच्या. पण प्रश्नपत्रिका वेळेत झाली नाही, नोंदी राहिल्या. आधीपासूनच काही लोकांचं म्हणणं होतं, की यांना जमायचं नाही. त्यांना आयतं कारण मिळालं. या वर्षी तास दुसऱ्याला दिले.

मी त्याचा प्रिंटर दुरुस्त करून दिला. एवढंच केलं.

त्यानंतर आणखी वर्षभरानं दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा काळा लॅपटॉप आला. या वेळी मी पेनड्राइव्हवरून आधी तपासलं, तर आवाज नाही. तीच चिप. मी गटात पत्र टाकलं, मात्र दुसऱ्या नावानं. एवढी लाज होती आणि एवढा माज. अर्ध्या तासात नाशिकच्या एका कॉलेजकुमाराचं उत्तर आलं. एका फाईलमध्ये एक ओळ लिहायची होती. चिप आपण होऊन ओळखू येत नाही, म्हणून अमुक जातीची समज, असं सिस्टीमला सांगणारी ओळ. चार शब्द. मी ते लिहिले, मशीन परत चालू केलं. टक् वाजलं आणि पाठोपाठ सुरू झाल्याची धून दुकानभर घुमली. ते गिऱ्हाईक खूश झालं. मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो.

त्या मुलानं सोबत लिहिलं होतं, की ही ओळ दोन वर्षांपासून सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे मी पहिल्या आठवड्यात विचारलं असतं, तरी हेच अर्ध्या तासात झालं असतं.

तरीही मी गेलो नाही. वाचणाऱ्यांना वाटेल, की मग याला काय हवं होतं. मलाही तेच वाटतं. पुढे छोटे लॅपटॉप संपले, लोक मोबाईलवर गेले, माझंही काम कमी झालं. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं. बाजारातल्या दुकानदारांनी छोटा निरोपसमारंभ केला, शाल-नारळ. सुभेदार आता पंच्याऐंशीचे, पण तसेच ताठ. ते बोलायला उभे राहिले. उलट्या कॅमेऱ्याची गोष्ट सांगून त्यांनी सगळ्यांना हसवलं आणि शेवटी म्हणाले, "या माणसानं गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगितलं नाही." टाळ्या झाल्या. मी खाली मान घालून बसलो होतो, लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या नंबरवर फोन लावला. त्यांच्या भावानं उचलला. ताई गिरणीत असती, म्हणाला, या कवाबी.

मी एसटीनं गेलो. उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालले होते, तास दीड तास जास्त लागला. तेवढ्या वेळात मी काय बोलायचं ते चार तऱ्हांनी ठरवलं. गिरणी घराच्या पुढच्याच खोलीत होती. भावानं घातलेली, सुनंदाताई चालवतात. पट्ट्याचा आवाज दारापर्यंत येत होता. त्या गिरणीच्या तोंडाशी उभ्या होत्या, चिमटीत पीठ घेऊन चोळून बघत होत्या, अंगावर पिठाचा थर. चाळिशीच्या झालेल्या. शेजारच्या खुंटीला मोबाईल लटकत होता. मध्येच त्यांनी त्यावर बोट फिरवलं. तो त्याच वेगानं काहीतरी बोलला, आणि मला या वेळीही एक शब्द कळला नाही.

मी नाव सांगितलं. त्यांनी दळण संपेपर्यंत थांबायला सांगितलं, मग गिरणी बंद केली.

मी ठरवलेलं काहीच बोललो नाही. भाग गेला नव्हता, चूक माझी होती, मला ते माहीत होतं, एवढं सरळ सांगून टाकलं. साउंड कार्डाचंही सांगितलं. त्या एका ओळीचंही सांगितलं.

"मला तेव्हाच कळलं होतं, काका," त्या म्हणाल्या. "तुमच्या आवाजावरून. फक्त का ते कळलं नाही. मला वाटलं, आंधळ्या बाईला काय समजावत बसायचं, असं तुम्हाला वाटलं असेल."

"नाही, तसं नाही," मी म्हणालो. ते माझ्या तोंडून आपोआप निघालं. त्यांनी ते तसंच राहू दिलं. पीठ झाडायच्या कुंच्याची मूठ चाचपत होत्या.

मग विचारलं, "त्या दिवशी मशीन चालू केलं तेव्हा पडद्यावर काही लिहून आलं होतं का?"

"आलं होतं."

"काय?"

अक्षरं मला पाठ आहेत. इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगितलं. आवाजाचा भाग सापडला आहे, पण तो कोणत्या जातीचा हे ओळखता येत नाही. काउंटरवर आमच्या दोघांच्या मध्ये, लॅपटॉप त्यांच्याकडे थोडा तिरका वळवून ठेवलेला, आणि त्यावर ही ओळ. मी ती वाचत होतो आणि भाग गेलाय म्हणत होतो. त्यांनी मला ती पुन्हा सांगायला लावली. मी सांगितली.

"डोळस गिऱ्हाईक असतं तर त्यानं वाचलं असतं."

"हो."

"मग तुम्ही तसं बोलला नसतात."

 थोड्या वेळापूर्वी म्हटलेलं 'तसं नाही' मला परत घ्यायला हवं होतं.

"तेवढी ओळ वाचून दाखवली असती तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "पुढचं मी कुणालातरी विचारलं असतं."

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी तो लॅपटॉप आहे का विचारलं, अजून दुरुस्त करून देता येईल. त्या म्हणाल्या, भंगारात गेला, तीन-चार वर्षं झाली. आता सगळं फोनवरच होतं. शिकवायचं पुन्हा कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही नंतर अर्ज केले नाहीत. गावातल्या दोन मुली बारावीचा इतिहास विचारायला येतात, दळण नसतं तेव्हा. आईचं विचारलं. आई थकली आहे, आत झोपली आहे, म्हणाल्या. मी आत जाऊन भेटू का, हे विचारायचं धैर्य झालं नाही.

तेवढ्यात एक बाई ज्वारीचा डबा घेऊन आली आणि दाराशी ठेवून गेली. मागून आणखी दोघी आल्या. सुनंदाताईंनी बटण दाबलं, पट्टा फिरायला लागला, बोलणं शक्य राहिलं नाही. त्यांनी माझ्या दिशेला मान वळवून मोठ्यानं सांगितलं, तेवढा डबा वर ओतून द्या.

मी डबा उचलला आणि ओतला. मग दुसरा. दुपारपर्यंत मी डबे उचलून देत राहिलो. त्यांनी थांबा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.